बारा बाळं आणि एकच आजोबा

"त्या फाइलमधले विभाग पाळायला सांग. नाही सांगितलंस तर सगळ्यांना एकाच पातेल्यात ओतेल," असं भिंगाने मला स्पष्ट बजावलं होतं.

भिंग म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. दुसऱ्याच्या कोडातली चूक त्यांना तीन खुर्च्यांवरून दिसते, म्हणून हे नाव. तोंडावर अर्थात 'सर'. तर मी या सरांना काय म्हणाले असेन? "सर, साधी सेटिंगची फाइल आहे हो. असली फाइल मी झोपेत वाचते!"

आणि वाचलीच. झोपेतच.

पण त्या फाइलपर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते, म्हणजे चूक नेमकी कोणाची हे तुमचं तुम्हीच ठरवाल. (माझी नाही, असं मी तेव्हा दहा जणांना ओरडून सांगितलं होतं.)

आमची चिमटी अकरा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. घराजवळ एकच पाळणाघर. दुसऱ्यात जागा मिळायला अजून चार महिने. तेव्हा हे गेलं की माझी नोकरीही गेली, इतका सरळ हिशेब! पहिल्या आठवड्यात मी पाळणाघराच्या बाईंना रोज चौदा फोन केले. चौदा म्हणजे काही फार नव्हेत. झोपली का, उठली का, उठली तर रडली का, नाही रडली तर का नाही रडली, एवढंच. पण शुक्रवारी बाई मला फाटकापाशी गाठून म्हणाल्या, "बाई गं, तुझी पोर गुणाची आहे. मला तुझंच संगोपन झेपत नाहीये. पंधरावा फोन आला, तर दुसरीकडे बघ."

रात्रभर मी धुमसत होते. नवरा म्हणाला, "मग नको ना करूस फोन." हे एवढं सोपं असतं का! पुरुषांना काळजी बंद करायचं बटण जन्मतःच बसवून मिळतं की काय, कोण जाणे.

पण बटणावरूनच मला सुचलं. मी बाईंना एक वेबपान करून द्यायचं ठरवलं. पानावर प्रत्येक बाळाच्या नावाखाली चार बटणं: 'झोपलं', 'दूध प्यायलं', 'शी केली' आणि 'ताबडतोब या'. बाईंनी बटण दाबायचं, की त्या बाळाच्या घरच्यांच्या फोनवर संदेश! फोन करायची गरजच नाही. शिवाय नावावर बोट ठेवलं की बाळाच्या सूचना आणि त्याला घरी कोण नेणार, हेही दिसायचं. संदेशात बाळाचं नाव मात्र मी मुद्दाम घातलं नाही. जगात कोण कोणाचे संदेश वाचतं, सांगता येतं का?

ही सगळी माहिती एका सेटिंगच्या फाइलमध्ये. प्रत्येक बाळाचा एक विभाग, आणि विभागात तीन नोंदी: फोन, नेणार, सूचना. पान पीएचपीत लिहिलेलं. तिथे असली फाइल वाचायला आयतं फंक्शन असतं, फाइलचं नाव सांगितलं की वाचून यादी हातात देतं. मी सांगितलं, तर पान म्हणालं, 'चिमटी' नावाचा विभागच नाही! समोर ढळढळीत लिहिलेला असताना नाही म्हणे! मला उलट उत्तरं देणाऱ्या वस्तूंचा भयंकर संताप येतो. मी विभागाची भानगडच काढून टाकली आणि थेट विचारलं, "फोन काय आहे तेवढा सांग." सांगितला! मी विजयी मुद्रेने भिंगाकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा नाकावर उतरवला.

तेव्हा फाइलमध्ये एकट्या चिमटीचीच माहिती होती, हे इथे नोंदवून ठेवते.

चार दिवस पान असं चाललं की मला माझाच हेवा वाटला. बाई खूश! मग त्यांनी उरलेल्या अकरा बाळांचे फॉर्म माझ्या हातात दिले. मी सगळे फाइलमध्ये भरले. शेवटचा फॉर्म एका आजोबांनी भरला होता. सूचनांच्या रकान्यात चिमटीच्या माझ्या अकरा ओळी होत्या, या आजोबांनी लिहिलं होतं, "काही नाही. पोरगं दणकट आहे." असा राग आला! काही नाही म्हणजे काय? मूल आहे की कपाट?

वर मी लाल अक्षरांत एक कागद छापून दारावर लावला: "पानावर 'नेणार' म्हणून ज्याचं नाव असेल, त्याच्याच ताब्यात बाळ द्यावं. ओळख, विनंती, रडारड चालणार नाही." खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी बाई दाढ काढायला गेल्या आणि पाळणाघरात त्यांची धाकटी बहीण बसली. या बहिणीचं आयुष्य परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून गेलेलं. सकाळी चिमटीला आत घेतानाही तिने आधी घड्याळ पाहिलं आणि मग आम्हा दोघींना.

दहा वाजले. चिमटी दहाला झोपते. संदेश नाही.

सव्वादहा. नाही.

साडेदहा. नाही! दूध नाही, शी नाही, काही नाही! माझ्या हातून ऑफिसातली दोन पत्रं भलत्याच माणसांना गेली. अकरा वाजता माझं डोकं असं तापलं होतं की वर पातेलं ठेवलं असतं तर पाणी उकळलं असतं. मी नवऱ्याला फोन केला.

"संदेश नाही म्हणजे सगळं ठीक असेल," तो म्हणाला.

"संदेश नाही म्हणजे संदेश नाही!" मी ओरडले आणि त्याच रागात तो पंधरावा फोन केला.

बहीण म्हणाली, "सकाळपासून बटणं दाबून बोटं सुजली माझी! आता काय?"

"मला एकही संदेश आला नाही!"

"ते मला विचारता? पान मी केलंय?"

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "पेशंट कुठाय?"

"हे कोण?"

"आजोबा आहेत. सहाव्यांदा आलेत."

"कोणाचे आजोबा?"

"पानाप्रमाणे म्हणाल," बहीण थंडपणे म्हणाली, "तर सगळ्यांचे."

आणि फोन बंद.

मी खुर्चीवरून उठले ते थेट रस्त्यावर. लॅपटॉप टेबलावर, डबा टेबलावर, एका पायात ऑफिसात बसल्यावर घालायची सपात. पाळणाघराच्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. दारात बहीण खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर पान उघडलेला टॅब.

"माझी मुलगी द्या!"

"नाव?"

"चिमटी!"

"तिचं नव्हे. तुमचं."

"मी आई आहे तिची!"

तिने बोट फिरवलं. "चिमटी. नेणार... आजोबा. तुमचं नाव नाही."

"अहो, सकाळी मीच नाही का सोडून गेले!"

"सोडून कोणीही जाईल. न्यायचा प्रश्न आहे." तिने पेन्सिलीने दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "हा कागद कोणी लावला?"

"मी."

"सही कोणाची?"

"...माझी."

"वाचा. ओळख, विनंती, रडारड चालणार नाही. तुमच्या तिन्ही झाल्या."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चिमटी मोठी होईल, वाचेल. दाराच्या काचेतून ती दिसत होती. डोक्यावर उलटी टोपली, हातात पळी, आणि एका डब्यावर धडाधड बडवणं चाललेलं. माझ्या अकरा ओळींचं काय झालं? "त्या सूचना!" मी ओरडले. "तिच्या सूचना वाचल्यात का?"

"वाचल्या की. 'काही नाही. पोरगं दणकट आहे.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

तेवढ्यात जिन्यावर सायकलची घंटी वाजली. खरंच, जिन्यावर. सायकल खांद्यावर घेऊन आजोबा वर येत होते. मिशा हातभर, छाती तेवढीच. हे आजोबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. संदेश वाजला की सात मिनिटांत हजर, अशी हाडांना लागलेली सवय. एका हातात बादली, खिशात जलसंजीवनीची पाकिटं.

"नऊ वेळा!" ते माझ्यावरच गरजले. "सकाळपासून नऊ वेळा शी! पाच वेळा झोपला, सहा वेळा दूध! आणि मी येऊन बघतो तर पठ्ठ्या हसतोय! पोराला झालंय काय?"

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी भिंगाला फोन लावला. "सर, एकच प्रश्न..."

"'ट्रू' लिहिलं नाहीस ना?"

"सर..."

"फाइलच्या नावानंतर 'ट्रू' लिहिलं, तर विभाग वेगळे राहतात. नाही लिहिलं, तर ते मधल्या भिंती पाडतं. मग 'फोन' नावाच्या बारा नोंदी एका जागी येतात. ते बारावी ठेवतं आणि अकरा फेकून देतं. 'नेणार'चं तसंच, सूचनांचं तसंच. शेवटचा कोण आहे?"

मी आजोबांकडे पाहिलं. "अग्निशमन दल," मी म्हणाले.

"दुरुस्त कर मग. एका शब्दाचं काम."

एका शब्दाचं! पण तो शब्द लिहायचा लॅपटॉप ऑफिसात, आणि साडेबारा वाजत आलेले. साडेबाराला अर्ध्या दिवसाची सहा बाळं घरी जातात. जिन्यात गर्दी सुरू झाली. जुळ्यांचे बाबा आले, त्यांना नाकारलं. एक मावशी आली, तिला नाकारलं. एक आई पहिल्यांदाच वेळेवर आली होती बिचारी, तिलाही नाकारलं. सगळे एकदम ओरडू लागले.

"कोणी केलंय हे बावळट पान?" जुळ्यांचे बाबा कडाडले.

"हो ना!" मी त्यांच्याहून मोठ्याने कडाडले. "हल्ली कोणीही उठतं आणि काहीही करतं!"

"यांनीच," बहीण म्हणाली. "सही बघा."

यापुढची दोन मिनिटंही लिहीत नाही.

शेवटी आजोबांनी बादली जमिनीवर आपटली. "शांत! कागदाप्रमाणे पोरं माझ्या ताब्यात येणार ना? द्या. मी एकेक बाहेर काढतो, ज्याचं त्याला देतो. धक्काबुक्की नको. लहान आधी!"

बहिणीने क्षणभर विचार केला आणि मान्य केलं. नियमात बसत होतं. मग ती एकेक बाळ आजोबांच्या हातात देई, त्यांची सही घेई, आजोबा उंबरठ्याबाहेर येऊन बाळाला विचारत, "ही कोण रे?" बाळ झेपावलं की सुटका. जुळी झेपावली. मावशीचं झेपावलं. सहाही बाळं पाच मिनिटांत मोकळी.

"आता माझी!" मी म्हणाले.

आजोबांनी चिमटीला आणलं. "ही कोण गं?"

मी हात पसरले. चिमटीने माझ्याकडे एकवार पाहिलं. माझे केस पिंजारलेले, डोळे लाल, आवाज बसलेला, एका पायात सपात. तिने शांतपणे तोंड फिरवलं, आजोबांच्या मिशीचं टोक दोन्ही मुठींत धरलं आणि त्यांच्या मानेत शिरली.

"ओळख पटत नाही," बहीण म्हणाली.

"चिमटे!" मी किंचाळले. चिमटीने मिशी आणखी घट्ट धरली.

"आई गं!" आजोबा.

मी पायरीवर मटकन बसले आणि चक्क रडले. रागाने! निव्वळ रागाने! पानावर, बहिणीवर, त्या फंक्शनवर. एवढी उलथापालथ केली आणि एक चकार शब्द काढला नाही त्याने! आणि मिशीवरसुद्धा!

तेव्हाच खालून बाई आल्या. गाल टरबुजाएवढा, तोंडात कापूस. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ते किती भयंकर असतं हे मला तेव्हा कळलं. त्यांनी कागद वाचला. टॅब पाहिला. मिशीला लटकलेली चिमटी पाहिली. मग आत जाऊन मुलांची एक पाटी आणली आणि बहिणीसमोर धरली: "ही आई आहे." बहिणीने परीक्षार्थीचा नंबर असावा तसा तो शेरा वहीत उतरवून घेतला आणि चिमटी माझ्या मांडीवर आली. अडीच केस मिशीचे मुठीत घेऊनच.

"बाई," मी हुंदके देत म्हणाले, "तिला काढू नका. एक शब्द लिहायचा राहिला हो! आजच लिहिते. माझी नोकरी..."

बाईंनी पाटी पुसली. खडूचा आवाज जिन्यात कर्र-कर्र होत राहिला. पाटी वळली.

"मूल राहील. पान बंद. फोन बंद."

"दिवसातून एकच? दुपारचा?"

त्यांनी 'बंद'खाली रेघ मारली. इतक्या जोरात की खडू तुटला.

तर आता चिमटी तिथेच जाते आणि मी ऑफिसात असते. फाइलच्या नावानंतर 'ट्रू' मी त्याच दिवशी लिहिलं आणि काढून टाकलेली विभागाची भानगडही परत घातली. पान आता बिनचूक चालतं, आणि ते कोणीही वापरत नाही. भिंग एका शब्दाने बोलले नाहीत, याचाही मला राग येतो.

हे लिहितेय तेव्हा सव्वादहा झालेत. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूने जात असाल, तर एक काम कराल का? हिरवं फाटक, पहिला मजला, जिन्याच्या उजव्या हाताची खिडकी. जरा डोकावून बघा. कोपऱ्यातल्या गादीवर पिवळ्या झबल्यातली. झोपली असेल तर काही करू नका, नुसतं पोट वर-खाली होतंय ना, ते बघा. जागी असेल तर टोपली डोक्यावर नाही ना, तेवढं पाहा. आणि मला फोन करा. तुम्ही केलेला चालतो. बंद आहे तो मी करायचा.