लहानूभाऊची सात तास बेचाळीस मिनिटे

तांबडी गाय. तिच्या डाव्या शिंगाला निळी नायलॉनची दोरी.

एकूण झोप ७ तास ४२ मिनिटे. गुण ९१. शाब्बास!

मसाल्याच्या डब्यात हिंगाचा खडा, कागदात गुंडाळलेला. कागदावर मुंगीएवढी अक्षरे.

चार खांबांचे मचाण. कूस बदलली की करकरते, म्हणून कूस बदलायची नाही.

अकरा वर्षे.

लहानूभाऊला अकरा वर्षे झोप नव्हती. पहाटे चारच्या सुमारास पाऊणेक तास यायची आणि कोंबड्याच्या आधी जायची. गावाने पहिली दोन वर्षे उपाय सांगितले. तिसऱ्या वर्षी त्याला कामाला लावले.

कापलेले धान मळणी होईपर्यंत शिवारातच पुंजण्यांत, म्हणजे पेंढ्यांच्या ढिगांत, रचून ठेवलेले असते. त्याला रानडुकरे येतात, अलीकडे कुरखेड्याकडून हत्तीही. पूर्वी राखणीला घरोघरची पाळी असे, आणि ज्याची पाळी तो झोपत असे. लहानूभाऊ झोपत नाही याची खात्री पटल्यावर पाळ्या बंद झाल्या आणि गाव निर्धास्त झोपू लागले. लग्नाच्या पंगतीत राखण समितीचे अध्यक्ष धनराजभाऊ यांच्या शेजारची जागा लहानूभाऊची ठरली. एकरभर धान आणि दोन शेळ्या असलेल्या माणसाला ती जागा दुसऱ्या कशाने मिळाली नसती.

त्याची मुलगी दिव्यानी चंद्रपूरला नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा तिने बापासाठी मनगटी घड्याळ आणले.

"हे झोप मोजते, बाबा."

"जे हायच नाई, ते कसं मोजन?"

"घालून तर पाहा."

घड्याळ घालून तो मचाणावर गेला आणि रोजच्यासारखा पडला. उताणा, हात पोटावर, डोळे उघडे. मचाण करकरले की डुक्कर सावध होते आणि दुसऱ्याच्या पुंजण्यावर जाते, म्हणून तो बोटसुद्धा हलवत नसे. एकदा खाली अस्वल आले होते, तेव्हा तो नऊ तास तसाच होता. हात हलवून जागणाऱ्याला तो राखणदार मानत नसे.

सकाळी तो घरी आला. दिव्यानीने फोन पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"आई वं, सात तास बेचाळीस मिनिटं! बाबा झोपला!"

बायनाबाई चुलीपासून उठून आली. तिने आधी फोनकडे पाहिले, मग नवऱ्याच्या लाल डोळ्यांकडे. "कोन झोपला?" तिने विचारले.

तोवर दिव्यानीने तो आकडा स्टेटसला ठेवला होता. 'अकरा वर्षांनी माझ्या बाबाले झोप लागली.' खाली जोडलेले दोन हात. साडेसातपर्यंत चौसष्ट जणांनी तो पाहिला. त्यातला एकोणिसावा गावातलाच शेतकरी इसरू. तो तेव्हा स्वतःच्या पुंजण्यापाशी उभा होता, आणि पुंजण्याचा एक कोपरा खाल्लेला होता.

दुपारी ग्रामपंचायतीच्या टिनाच्या शेडखाली चौकशी झाली. धनराजभाऊ खुर्चीवर बसले. इसरूच समितीचा सदस्य असल्याने तक्रार त्यानेच केली आणि तिची दखलही त्यानेच घेतली.

"लहानूभाऊ, मशीन बोलून राह्यली. आमी नाई," धनराजभाऊ म्हणाले.

"मी जागा होतो."

"सात तास बेचाळीस मिनिटं?"

"तितकाच वेळ जागा होतो."

"मंग माहा पुंजना कोनं खाल्ला?" इसरूने विचारले.

"तुह्या गायीनं. तांबडी. शिंगाले निळी दोरी. पावणेतीनले आली, सव्वातीनले गेली."

"मंग बोंबलला काऊन नाई?"

"मालकाची गाय मालकाचं धान खाते. मी मंधात कायले पडू?"

मुद्दा बरोबर होता. इसरूने दिव्यानीच्या हातून फोन मागून घेतला आणि पडदा बोटाने वर सरकवत नेला.

"हे पाहा, भाऊ. स्वप्नावस्था, एक तास पन्नास मिनिटं. त्यातले अडीच ते साडेतीन इथी निळ्या रंगात हाय. म्हंजे माही गाय याच्या सपनात आली."

"सपनातल्या गायीनं खरं धान खाल्लं का?" मागून बायनाबाईने विचारले.

"बाई, तो वेगळा विषय हाय," धनराजभाऊ म्हणाले.

दिव्यानी पुढे आली. आता तिचा आवाज सकाळसारखा नव्हता. "भाऊ, जो चांगला झोपते, त्याचं हे बरंचसं बरोबर सांगते. पन जो नुसता पडून राहते, त्यालेबी हे झोपलाच समजते. बाबा हलतच नाई ना."

"हे तुले आता समजलं का?"

"आता विचार केला."

"मंग सकाळी ते हात कायले जोडले होते?"

बापाविरुद्धचा एकमेव पुरावा तिच्याच स्टेटसवर होता, आणि आता त्याला एकशे दहा साक्षीदार झाले होते.

असे ठरले की त्या रात्री धनराजभाऊ आणि इसरू मचाणाखाली बसून लहानूभाऊवर लक्ष ठेवतील. बसायला भाताचे तणस अंथरले गेले, चहाचा थर्मास भरला गेला.

एकूण झोप ८ तास ४ मिनिटे. गुण ९४. शाब्बास!

सकाळी पुन्हा शेड. धनराजभाऊंच्या गालावर तणसाचे आडवे वळ उठले होते. थर्मास भरलेलाच परत आला होता.

"सांगा, भाऊ. झोपला का जागा होता माहा मानूस?" बायनाबाईने विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तो जागा होता हे सांगायला आपण जागे असायला हवे होते. तो झोपला होता हे सांगायलाही तसेच. पण यातल्या एका उत्तराला घड्याळाचा आधार होता.

"झोपला होता," धनराजभाऊ म्हणाले.

"मी सोता पाह्यलं," इसरू म्हणाला.

"तुमाले काई म्हनाचं हाय का, लहानूभाऊ?"

बारा वाजून दहा मिनिटांनी धनराजभाऊंनी झोपेत दोनदा आईला हाक मारली होती. इसरूने गायीची माफी मागितली होती. लहानूभाऊने हे सगळे ऐकले होते.

"खाली दोन मानसं घोरत होती," तो म्हणाला. "पन तेबी सपनच असन माहं."

कोणी हसले नाही. ठराव झाला. राखण पुन्हा पाळीने, त्याच रात्रीपासून. पहिली पाळी अध्यक्षांची.

दुसऱ्या दिवशी इसरूचे आधीच मळलेले धान आरमोरीच्या बाजारात जाणार होते. ट्रॅक्टर धनराजभाऊंचा, चालवायला तेच. दिव्यानीला बापाला आरमोरीच्या डॉक्टरकडे न्यायचे होते, म्हणून घरची तिघेही ट्रॉलीत पोत्यांवर बसली. इसरूही बसला, लहानूभाऊकडे न पाहता, त्याच्या अगदी शेजारी, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

शिवार मागे पडले. लहानूभाऊने एकदा मचाणाकडे पाहिले. आता ते त्याचे नव्हते. पुलाच्या आधीच त्याची मान इसरूच्या खांद्यावर पडली.

बावीस किलोमीटर. रस्ता असा की पोती जागा बदलत होती. लहानूभाऊचे तोंड उघडे होते आणि घोरणे इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होते. इसरूने आधी खांदा काढून घ्यायचे ठरवले. मग दोन-तीनदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि उरलेला रस्ता खांदा हलू दिला नाही.

बाजारात ट्रॅक्टर थांबला आणि दिव्यानीचा फोन वाजला.

१४,३१२ पावले. आजचे चालणे पूर्ण. शाब्बास!

इसरूने ते दोनदा वाचले. "हा चालला कवा?"

"चालला नाई," दिव्यानी म्हणाली. "तुमच्या खांद्यावर होता."

"झोप किती दाखवते?"

"शून्य."

इसरूने लहानूभाऊचे डोके हळूच पोत्यावर टेकवले. मग खाली उतरून धनराजभाऊंपाशी गेला. "भाऊ, गाय माहीच होती," तो म्हणाला. "अन् आपन झोपलो होतो."

धनराजभाऊंनी गालावरून हात फिरवला. "राखण पुन्हा लहानूभाऊकडं," ते म्हणाले. "उठव त्याले, तोंडावर सांगतो."

बायनाबाई नवऱ्यासमोर आडवी बसली. "हात लावून तर पाहा."

मग हमालांनी त्याच्या बाजूने पोती उतरवली. एकेचाळीस होती, एकोणचाळीस उतरली. उरलेली दोन त्याच्याखाली होती. इसरूने व्यापाऱ्याला सांगितले की ती संध्याकाळी येतील. डॉक्टरची वेळ निघून गेली. उन्हे आली तेव्हा दिव्यानीने ओढणी बापाच्या तोंडावर धरली.

चार वाजता तो उठला. धनराजभाऊंनी त्याला हात जोडून निर्णय सांगितला. लहानूभाऊने ऐकून घेतले.

"काल रातच्याले कोन होतं मचानावर?"

"मी."

"झोपले होते?"

"हो."

"मंग चला लवकर," लहानूभाऊ म्हणाला. "अंधार पडन." त्याने घड्याळ काढून दिव्यानीच्या हातात दिले आणि येताना वाटभर शिवाराकडे पाहत जागा बसून राहिला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बायनाबाईने घड्याळाच्या खोक्यातला कागद हिंग गुंडाळायला घेतला. त्यावर लिहिले होते की ज्यांना झोप येत नाही, त्यांनी या आकड्यांवर विसंबून राहू नये.