मिसाळांनी आणलेलं दुकान

रंगनाथ मिसाळ तुमच्या घरी आले, की चहा येईपर्यंत तुमच्या कम्प्युटरच्या कीबोर्डाला टिकली लागलेली असे. खालच्या ओळीत खिडकीचं छोटंसं चित्र असलेलं एक बटण असतं ना, बरोबर त्याच्यावर. लाल, मध्यम आकाराची, वहिनींच्या पाकिटातली. "दुसऱ्याच्या कंपनीचं चित्र आपण आपल्या घरात काहून मिरवायचं?" असं म्हणत ते अंगठ्यानं टिकली दाबून बसवत आणि मगच चहाच्या कपाला हात लावत. आमच्या सोसायटीत नऊ कम्प्युटर होते. नऊच्या नऊ सवाष्ण झाले होते.

"हळदीकुंकवाला निघावं म्हणून पाकीट उघडते, तर आत नुसता कागद!" सिंधूवहिनी माझ्या बायकोकडं तक्रार करत. पण त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही असायचं. नवरा दारू पीत नव्हता, टिकल्या चिकटवत होता.

मिसाळ माझे शेजारी. बीड बायपासच्या पलीकडं आमची सोसायटी. काल-परवापर्यंत तिथं ज्वारी उभी असायची, आता चार मजली इमारती उभ्या होत्या. घराघरात नळ होते, नळांना पाणी नव्हतं, आणि आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. मिसाळ मूळचे पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कम्प्युटरच्या प्रयोगशाळेत सहायक होते. घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा हा पहिलाच माणूस, आणि त्या खुर्चीवर बसूनच त्याला लिनक्स भेटलं, खिडकीवाल्या कंपनीशिवाय कम्प्युटर चालवणारी प्रणाली.

लिनक्स म्हणजे काय, हे सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. टँकरच्या रांगेतसुद्धा ते सुरू होत.

"हे बघा मावशी, टँकरवाला सांगतो का पाणी कुठलं हाय ते? नाय सांगत. तसंच तुमचं ते विकतचं कम्प्युटर. आन् लिनक्स म्हणजे गावची विहीर. वाकून बघा, आत काय हाय ते दिसतं. गाळ साचला, तर ज्याला जमतंय त्यानं उतरायचं आन् काढायचा."

"मग कुठं आहे ती विहीर?" काळेमावशींनी विचारलं. "हंडा घेऊनच जाते."

आणि कुणी चुकून "फुकट मिळतं ते?" असं म्हटलं, की मिसाळांचा चेहरा पडे. "फुकट नका म्हणू हो. मोकळं म्हणा."

माझ्याही कम्प्युटरवर त्यांनी ही विहीर खणून दिली. त्यानंतर आठ महिने माझ्या प्रिंटरनं एकच काम केलं. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं, की तो आपण होऊन एक कोरा कागद बाहेर काढायचा. "समजूत घालायलोय त्याची," मिसाळ म्हणत. "नवीन घर हाय त्याला, जरा दमानं घ्या."

लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळात त्यांचे वडील, आण्णा, शहरात आले. रानात चारा नाही, पाणी नाही. आण्णांनी मेंढरं पाचोडच्या बाजारात नेऊन विकली आणि मिसाळ त्यांना घेऊन आले. सोबत एक घोंगडी आणि हातातली काठी, एवढंच सामान. तिसऱ्या मजल्यावर काही त्यांचा जीव रमेना. ते सकाळीच खाली उतरून फाटकाशी उभे राहत आणि कामावर निघालेल्या दुचाक्यांना काठीनं वळवत. "हुर्रर्र! हिकडून, हिकडून!" सेक्रेटरींची स्कूटर त्यांनी तीन वेळा कडुलिंबाच्या झाडाखाली नेऊन उभी केली. चौथ्या वेळी सेक्रेटरी चिडले. सगळ्यांसमोर जरा जोरातच बोलले. आण्णा काठी घेऊन वर गेले, ते पुन्हा खाली आलेच नाहीत.

त्याच सुमाराला मिसाळ माझ्याकडं आले आणि कीबोर्डावरची टिकली न चाचपताच खुर्चीवर बसले. मी समजलो, काहीतरी गंभीर आहे.

"भाऊ, ते गेमचं दुकान असतं म्हणे इंटरनेटवर. तिथून घरबसल्या गेम घेता येतात. खरंय का?"

गेम म्हणजे आयुष्याची माती, असं कॉलेजातल्या पोरांना तास तासभर सुनावणारा हा माणूस. मी म्हटलं, "खरंय. पण ते दुकान आधी आपल्या कम्प्युटरवर बसवून घ्यावं लागतं. आणि तुमच्या लिनक्सवर ते बसत नाही म्हणतात."

"बसवू," मिसाळ म्हणाले.

"पण तुम्हाला कशाला हवंय?"

"हाय जरा काम."

आणि मग त्या घरात जे सुरू झालं, ते आम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतो. पहिल्या आठवड्यात दुकान उघडलं आणि लगेच मिटलं. दुसऱ्या आठवड्यात आवाज आला, चित्र नाही. तिसऱ्या आठवड्यात चित्र आलं, ते उलटं. वहिनी म्हणाल्या, "दोन दिवस हे मान वाकडी करून बसलेत. त्यापेक्षा ते सगळ्यांकडं असतं ते खिडकीवालं टाका ना एकदाचं!" पलीकडून मिसाळांचा आवाज आला, "मग टिकल्या लावलेल्या लोकांना काय तोंड दाखवू?"

मदतीला परदेशातले लिनक्सवाले होते. मिसाळ त्यांना इंग्रजीत रीतसर अर्ज लिहीत. आदरणीय महोदय, सविनय सादर करतो की, माझे दुकान उघडते व तत्काळ बंद होते, तरी कृपया योग्य तो मार्ग दाखवावा, आपला विश्वासू. उत्तर एका ओळीचं यायचं, की अमुक फाइल पाठव. मिसाळांना ते लागायचं. "ना नमस्कार, ना घरचे कसे हायेत." म्हणून पुढच्या अर्जात त्यांनी स्वतःच तिकडच्या पावसापाण्याची चौकशी केली. त्या गृहस्थानं कळवलं, आमच्याकडं सहा महिने बर्फ असतं. मिसाळ ते पत्र घेऊन माझ्याकडं आले. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बघा भाऊ. पाणी कुठं पडून हाय."

तरीही एक गोष्ट त्यांना आतून खात होती. दुकानातला माल बंद डब्यातला होता. त्यात काय आहे, ते कुणालाच वाकून बघता येत नव्हतं. मी एकदा चिडवलंही, "काय मिसाळ, विहिरीच्या काठावर टँकर आणून उभा करताय?" ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रायश्चित्त सुरू केलं. रोज सकाळी आंघोळीनंतर एक तास, लिनक्सवरच्या मोकळ्या प्रोग्रामांचं मराठी भाषांतर. देवपूजेसारखं, सोवळ्यात नाही, पण पाटावर बसून. बाहेर पडायच्या बटणावर सगळीकडं 'बाहेर पडा' असं होतं. मिसाळांनी ते खोडून 'येतो' असं केलं. "घरातून निघताना बाहेर पडा कुणी म्हणतं का?" त्यांचा सवाल बिनतोड होता. बर्फातल्या गृहस्थानं ते मान्यही करून टाकलं.

शेवटी एका रविवारी ते मला शहागंजात घेऊन गेले. गेम खेळायचा, दोन्ही हातांत धरायचा खटका हवा होता, आणि तोही मोठ्या बटणांचा. "बोटं जाड असली तरी दाबता आलं पाहिजे," असं ते प्रत्येक दुकानात सांगत होते. मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं. चांगली सडपातळ होती. एका दुकानदारानं खोक्याच्या तळातून एक जुना खटका काढला.

"ये लिनक्सपे चलेंगा क्या?" मिसाळांनी विचारलं.

"क्या मालूम साब. चला तो चला. नै चला तो मेरे कने लाव. वापस नै लेतूं, मगर लाव. चाय पियेंगे."

मिसाळांना हा माणूस एकदम पटला. आत काय आहे ते तो वाकून दाखवत होता.

त्यानंतरच्या गुरुवारी टँकर भर दुपारी आला. मिसाळ सुटी काढून घरीच असल्याचं ठाऊक होतं, म्हणून मी त्यांना हाक मारायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "हुर्रर्र!"

मी दार ढकललं. जमिनीवर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर आण्णा मांडी घालून बसले होते. जाड बोटांत तो खटका. समोरच्या पडद्यावर हिरवागार डोंगर, त्यावरून उतरणारी मेंढरं, एक काळं कुत्रं आणि काठी घेतलेला एक माणूस. मिसाळ बापाच्या मागं भिंतीला टेकून बसले होते.

"ती पांढरी लई आगाऊ हाय," आण्णा मला म्हणाले. मी शेजारी असल्याचं त्यांना पुरतं आठवत नसावं, पण मेंढरांतलं मला कळेल असं गृहीत धरलेलं होतं. "सारखी कड्याकडं पळतीय. कुत्रं मात्र गुणाचं. पण रंगनाथ, ह्या मेंढरांची चाल चुकलीय. मेंढरू असं तोंड वर करून चालत नाय. खाली मुंडी घालून चालतंय. सांग त्यास्नी."

"सांगतो आण्णा," मिसाळ म्हणाले. "अर्ज करतो."

मग ते मला दाराशी घेऊन आले आणि हळू आवाजात बोलले. "फाटकावरनं आले त्या दिवसापासून बोलत नव्हते, भाऊ. जेवा म्हटलं तर जेवायचे, झोपा म्हटलं तर झोपायचे. बाजारात शेवटचं मेंढरू घेणाऱ्याच्या गाडीत चढेना, तर ह्यांनीच उचलून चढवलं. मी शाळेत जायचं म्हणालो, तेव्हा म्हणाले होते, तू जा, मेंढरांचं मी बघतो. चाळीस वर्षं बघितलं. हा गेम त्या एकाच दुकानात मिळतो. मी काय करू?"

मी म्हटलं, "पण मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसला असता," ते म्हणाले. ते खरंही होतं.

आतमध्ये कळप डोंगर उतरून नदीवर पोचला होता. नदी काठोकाठ भरलेली. मेंढरं एका ओळीत उभी राहून पाणी प्यायला लागली, आणि पडद्यावर पाटी आली: पुढच्या टप्प्याला जायचं का? मिसाळ पुढं झाले आणि त्यांनी बटण दाबायला हात नेला. आण्णांनी तो वरच्या वर धरला.

"थांब. लई लांबून आलीत. पिऊ दे पोटभर."

खाली टँकरवाल्यानं हॉर्न दिला. मिसाळांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग ते घोंगडीवर बापाशेजारी बसले. आण्णांनी त्यांचा हात सोडला नव्हता. मी दार हळूच ओढून घेतलं, खाली गेलो आणि त्यांचे दोन्ही ड्रम माझ्या आधी भरून घेतले.