दगडूनानांची सळई

दगडूनाना मोटरसायकल चावतात. म्हणजे थेट दात लावत नाहीत. हातभर लांब लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनावर टेकवतात, दुसरं समोरच्या दोन दातांत धरतात आणि डोळे मिटतात. जबडा थरथरू लागतो, घशातून इंजिनासारखीच घरघर निघते. त्या दोहोंखेरीज तोंडात तिसरा दात नाही.

नानांच्या अंगात येतं, असं माधवनगरात बोललं जातं. मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत वाढलेला. नानांवर एक सणसणीत पत्रक काढायचंच, या इराद्याने साताऱ्याहून आलो. निमित्त खरं होतं. लांबच्या प्रवासासाठी घेतलेली माझी जुनी गाडी ऐंशीच्या पुढे गेली की इतकी थरथरायची, की उतरल्यावर बोटांना चहाचा कप धरवत नसे. तीन गॅरेजं हरली होती.

बंद मिलच्या भिंतीला लागून नानांची शेड. भर दुपारी आत अंधूक उजेड. सळई इंजिनाच्या वर, खाली, मग चासीवर फिरली.

"मागं कोण बसतंय रं तुझ्या?"

"कुणी नाही."

"बसतंय. डावीकडं. लय दिस झालं."

मी वळून मागच्या सीटकडे पाहिलं. नानांनी बोट दाखवलं. पत्रकांच्या पिशवीचा स्टँड मीच डावीकडे, इंजिन धरणाऱ्या बोल्टला अडकवला होता. त्या ओढीने इंजिन तिरकं आवळलं गेलं होतं.

"जगाला शाना करतोस आन् इंजनाची मान पिरगाळतोस व्हय?"

त्यांनी स्टँड काढला, सगळे बोल्ट ढिले केले, गाडी चालू ठेवली. "आता त्याचं त्ये बसू दे." इंजिन हलत हलत जागेवर बसलं, मग एकेक बोल्ट आवळला. हँडल शांत झालं.

मला पत्रकाची पहिली ओळ सुचेना.

तेवढ्यात नानांनी सळई मिलच्या भिंतीला लावली. "मिलची दुसरी पाळी लागली. बघ." मी हट्टाने सळई दातांत धरली. लोखंडाची चव. मग आतून, सावकाश, ठक... ठक. उसाचा ट्रॅक्टर जात असेल, म्हणून बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी नानांचा सुजलेला गाल माझ्याकडे वळवला. "बघा की. डाक्टर म्हनला दोनी दात काढा, न्हाईतर पू डोक्यात चढंल. महिना झाला, ऐकत न्हाईत."

"गाड्या कानामागे सळई लावूनही तपासता येतील, नाना," मी म्हणालो.

"गाड्यांचं कोण बोलतंय?" मिल चालू असताना तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटाने नानांचे कान कधीच नेले होते, आमचं सगळं बोलणं ते ओठांवरून वाचत होते. "हिचं व्हट दिसत्यात. आवाज कुठं दिसतोय? त्यो दातांतनंच येतोय."

काकू लाजल्या. त्यांनी गाडी बंद करायला खुणावलं. मग पदराने सळईचं एक टोक पुसलं आणि दातांत धरलं. दुसरं नानांनी धरलं. दोन पांढरी डोकी, मधे लोखंड. काकू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. मला एक शब्दही कळला नाही. सळई मात्र बारीक थरथरताना दिसत होती.

बऱ्याच वेळाने नानांनी मान हलवली. "बरं. उद्या जाऊ."

काकूंनी टोक सोडलं.

"सोडू नगं," नाना म्हणाले. "बोल अजून."