रंगनाथकाकांची विलायती छाटणी

दिंडोरीत कुणाच्याही अंगणात गुलाब दिसला की रंगनाथकाका नमस्काराच्या आधी विचारतात, "छाटायला कुणाला देत नाय ना?" एवढे द्राक्षबागाईतदार, पण गुलाबाजवळ जायचं असलं की खिशातली कात्री काढून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवतात. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी.

मी त्यांची शेजारीण, म्हणून मला कारण माहीत आहे.

काकू गेल्यावर लेक वैशाली त्यांना थोडे दिवस इंग्लंडला घेऊन गेली. ती राहते त्या खेड्यात जमीनदाराची जुनी हवेली आहे. महायुद्धाच्या काळात ती बंद पडली, बागेत रान माजलं. आता गावातली निवृत्त मंडळी जुना फोटो समोर धरून ती बाग पुन्हा उभी करताहेत. काका सांगतात, "आपल्याकडं श्रमदान असतं ना ताई, तसंच. फक्त मधी मधी चहा लय."

काका रोज जाऊ लागले. इंग्रजीचा गंध नाही. तिथल्या प्रमुख मार्गारेटबाई काहीही म्हणाल्या तरी ह्यांचं "यस यस, लय भारी." तण काढण्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. पण एप्रिल लागला. एप्रिल म्हणजे आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी. वेलीवर नवी फूट येणारे एक-दोन डोळे ठेवायचे, बाकी सगळं साफ. काकांचे हात शिवशिवले. भिंतीवर चढलेला एक गुलाब त्यांना "लय माजलेला" वाटला. मार्गारेटबाई चहा घेऊन आल्या तेव्हा भिंत मोकळी झाली होती आणि काका घाम पुसत शाबासकीची वाट बघत होते.

तो गुलाब हवेलीच्या पहिल्या मालकिणीने लावलेला होता. मूळ बागेतलं जिवंत उरलेलं तेवढं एकच झाड. वैशालीने हे मराठीत सांगितलं तेव्हा काकांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाई म्हनली, इट्स ऑल राइट. अन् डोळे पुसले."

परतीच्या दिवसापर्यंत काका त्या खुंटाजवळ जाऊन बसायचे. फुटवा काही आला नाही. इथे आल्यावरही, द्राक्षबागेत फवारणी चालू असली तरी वैशालीचा फोन कानाला असायचा, "फुटला का गं?" काकूंच्या मागे ह्यांचं डोकं जरा फिरलंय, असं मला वाटू लागलं होतं.

जूनमधल्या एका सकाळी वैशालीने फोटो पाठवला. खुंटातून दोन तांबूस कोंब निघाले होते. काकांनी ट्रॅक्टर बंद केला, मजुरांसाठी जिलेबी मागवली आणि कुंपणापाशी येऊन मला हाक मारली.

"एका झाडाचा केवढा घोर लावून घेतलात काका," मी म्हटलं.

"झाडाचं नाय हो ताई. मी आलो निघून. पोरीला तिथंच ऱ्हायचंय, त्याच बायांना रोज तोंड दाखवायचंय. हिच्या बापानं आपलं झाड मारलं, असं तिला कुनी म्हनायला नको."

फोटो बोटांनी मोठा करून ते पुन्हा बघत राहिले.

"तिची आई संगं असती ना," ते म्हणाले, "तर तिनं मला त्या भिंतीपाशी जाऊच दिलं नसतं."