काम संपवा, घरी जा

"ठरलेलं काम संपवा आणि घरी जा. हजेरी पूर्ण दिवसाची!"

सुपरवायझरने सकाळी हे जाहीर केलं, तेव्हा गवंड्याचा आणि त्याच्या टोळीचा कानांवर विश्वास बसेना. एरवी ही मंडळी एक भिंत दोन दिवस पुरवून पुरवून बांधायची. पण तीन वाजता मालक येणार होते. काम दिसलं तरच सुपरवायझरला मोठ्या ऑफिसात बढती मिळणार होती. बायकोने तर ही बातमी माहेरी कळवूनही टाकली होती. आता माघार कसली!

नऊ वाजता तो सामानाच्या खोलीत फरशांची खोकी मोजायला शिरला. या खोलीचं आतलं दार विटांनी बुजवायचं होतं. अकराला मोजणी संपवून तो वळला, तर भिंत छातीपर्यंत आलेली!

"साहेब, या बाहेर. चार विटा काढतो," गवंडी म्हणाला.

"काढतो काय? अरे, हात थांबवू नकोस! मी मागच्या दाराने जातो."

मागचं दार बाहेर उघडायचं. पण विटांचा ट्रक उतरवणाऱ्यांनाही तीच सवलत होती. लांब वाहून नेण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी सगळ्या विटा त्या दारालाच टेकून रचल्या आणि घर गाठलं. सुपरवायझरने दाराला खांदा लावला, घसा फोडून हाका मारल्या. काँक्रीटच्या मिक्सरपुढे त्याचं कोण ऐकतंय! फोन केबिनमध्ये चार्जिंगला. परत येऊन पाहतो, तर आतलं दारही बुजलेलं.

भिंत ओली होती, दोन लाथा पुरल्या असत्या. पण पाय उचलला की डोळ्यांपुढे मालक यायचे. भिंत पाडली तर त्यांना दाखवायचं काय? बिचारा खोक्यावर बसून राहिला.

दोनला मिक्सर थांबला, टोळी पसार झाली. तीनला मालक आले आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या भिंती पाहून खूश झाले.

"सुपरवायझर कुठाय?"

"सकाळपासून दिसले नाहीत बुवा," वॉचमन म्हणाला.

मालकांनी बुजवलेल्या दारासमोरूनच गवंड्याला फोन लावला, स्पीकर चालू करून. "शाब्बास रे! सुट्टीची कल्पना भलतीच लागू पडली."

"सुट्टी मिळाली ते बरंच झालं, मालक. पण खरं सांगू? आज अकरानंतर साहेब फिरकलेच नाहीत. नाहीतर वीट ठेवली की 'काढ', काढली की 'ठेव'. आज कुणी डोकं खाल्लं नाही, हात आपोआप चालले."

आता मात्र सुपरवायझरला राहवेना. त्याने भिंतीवर थाप मारली. "मालक! मी इथेच आहे हो! सकाळपासून कामावरच आहे!"

मालक दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी आणि वॉचमनने मिळून मागच्या विटा हलवल्या, तेव्हा कुठे साडेचारला दार उघडलं. सुपरवायझर धुळीने माखलेला, मान खाली घालून बाहेर आला.

"बढती गेली ना, मालक?"

"गेली कशी? दिली!" मालक हात झटकत म्हणाले. "उद्यापासून मोठ्या ऑफिसात बस. खुर्ची, पंखा, सगळं मिळेल. इकडे मात्र पाऊल टाकायचं नाही. टोळीला बक्षीस म्हणून तेवढं पुरे आहे."