नाक्यावरची नजर

मितेशची हळद सहा दिवसांवर आली असताना त्याच्या आईने, ठमीबाईने, चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, "ती राही माज्या मांडवात पाय ठेवनार न्हाय." घरातल्या बाकीच्या चौघांचे कप तोंडाशीच राहिले.

राही म्हणजे हळदीच्या गाण्यांची राणी. तिचं गाणं लागल्याशिवाय रेवसच्या बाजूचा एकही नवरदेव धड पिवळा होत नाही. मितेश तर तिचा असा भक्त, की त्याने आधी राहीची तारीख घेतली आणि मग त्या तारखेला बसेल अशी मुलगी बघितली, असं गावात म्हणतात. म्हणणारे फारसं खोटं बोलत नाहीत.

सगळा घोळ आदल्या दिवशीच्या सिनेमाने केला होता. राहीचा पहिलाच सिनेमा अलिबागला लागला, म्हणून मितेशने दुपारच्या खेळाची अख्खी एक रांग घरच्यांसाठी काढली. त्याच्या बापाने, रामचंद्राने, सोबत शिट्टी घेतली. थोरल्या परेशची बायको जागृती अबोलीचा गजरा माळून आली. गाणी असणार, नाच असणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. पडद्यावर राही आली ती विटक्या लुगड्यात, मिठागराच्या बांधावर, आणि पुढचे दोन तास तिने एक ओळ गायली नाही. बोललीसुद्धा जेमतेम. ती फक्त बघायची. नवरा जेवायला बसला की आधी त्याच्या ताटाकडे, मग त्याच्याकडे. शेवटी तिने त्याला मिठाच्या ढिगात पुरला.

पण काय ती नजर! तिने पडद्यावरून थेट समोर बघितलं तेव्हा अख्ख्या टॉकीजमध्ये वेफर्सची एक पिशवी वाजली नाही. रामचंद्राने पुढच्या खुर्चीला टेकवलेला पाय नकळत खाली घेतला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. परेशने मोबाइल खिशात टाकला. जागृतीने पदर सारखा केला. मितेश शाळेत बसावं तसा ताठ बसला. शिट्टी रामचंद्राच्या मुठीत घामाने भिजली, वाजली काही नाही.

"नवऱ्याला मिठात पुरनारी बाई माज्या पोराच्या हलदीला गानार?" ठमीबाईचा आवाज चढला. "आपल्या लेकीच्या, प्राप्तीच्या हलदीला आलती तवा केवडी गरीब पोर हुती. मांडवात चपला हातात घेऊन फिरत हुती. शिनेमात गेली नि वाया गेली."

"आय, ती अॅक्टिंग हाय!" मितेश कळवळला.

"मंग एवडी खरी कशाला करायची?"

मितेशचंही तेच म्हणणं होतं, फक्त कौतुकाचं.

"माज्या तर अंगावर काटा आला," जागृती म्हणाली. "आई, असं बघनारं मानूस असतंय पन."

"तुला कुठं दिसलं?"

जागृती लगबगीने कप विसळायला गेली.

"बाबा, तुमी तरी बोला," मितेशने शेवटचा आधार धरला. "तुमाला कसा वाटला शिनेमा?"

रामचंद्राने बायकोकडे बघितलं. "टॉकीजचं एसी चांगलं हाय," तो म्हणाला.

राहीला नको म्हणून कळवायचं ठरलं. ठमीबाईने ते काम मितेशला सांगितलं, मितेशने परेशला, परेशने बापाला. रामचंद्र फोन घेऊन रोज माडाखाली उभा राहायचा आणि रेंज नाही म्हणून परत यायचा. जगातलं सगळं दुःख तोंडावर घेऊन मितेश हळदीची फुलं सांगायला गेला. नवरदेवाचं तोंड बघून फुलवाल्याने विचारलं, "घरात कोन आजारी हाय का?"

यात बॅनरवाल्या केतनला काही सांगायचं राहून गेलं. त्याच्याकडे महिन्यापूर्वीची ऑर्डर होती. राहीचा ताजा फोटो लाव, असं मितेशनेच बजावलं होतं. केतनने मोबाइलवर शोधून सगळ्यात ताजा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर दहा फुटी बॅनर चढला. डावीकडे गॉगल लावून हात जोडलेला मितेश, उजवीकडे मिठाच्या ढिगापुढे उभी राहून थेट समोर बघणारी राही, आणि वर मोठ्या अक्षरांत, "हळदीला यायचं हं!"

गावात दोन तट पडले. "आमची गानारी पोरगी नासवली," असं एक तट म्हणे. "बायनं कमाल केलीन," असं दुसरं. मात्र बॅनरखालून जाताना दोन्ही तट सारखेच गप्प असायचे. दोन दिवसांत नाक्यावरच्या भिंतीवर कोणी थुंकेनासं झालं. आडव्यातिडव्या लागणाऱ्या रिक्षा एका रेषेत आल्या. हिरामण रिक्षावाला वीस वर्षं केळीची सालं रस्त्यात टाकत आला होता, तो ती खिशात घालून घरी नेऊ लागला. "लगीन जालं तरी ह्यो बॅनर काढू नका," त्याने परेशला विनवलं.

ठमीबाईने बॅनर उतरवायला परेशला तीनदा धाडला. तिन्ही वेळा तो कोयता तसाच घेऊन परत आला. "आय, कापवत न्हाय. ती बघतंय."

हळदीच्या दिवशी चार वाजता ठमीबाई स्वतः निघाली. मागून रामचंद्र, मितेश, परेश, जागृती आणि निम्मी पाहुणेमंडळी. बॅनरपुढे जाऊन तिने कोयता उचलला, वर बघितलं आणि तिचाही हात थांबला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नाक्यावर एकाही रिक्षाचं इंजिन चालू नव्हतं.

तेवढ्यात मांडव्याच्या धक्क्याकडून एक गाडी येऊन थांबली. पिवळ्या साडीतली राही खाली उतरली. आता आई हिला इथूनच परत पाठवणार आणि आपली हळद कोरडीच लागणार, हे मितेशला स्वच्छ दिसलं. ठमीबाईने मान वळवली आणि राहीकडे बघितलं.

राहीने तिथल्या तिथे, भर डांबरी रस्त्यावर, चपला काढून हातात घेतल्या.

"हीच!" ती ओरडली. "हीच ती नजर! आई, मी तुम्हालाच भेटायला लवकर आले."

कोणाला काही कळेना. राही श्वास न घेता सांगू लागली. "दिग्दर्शक म्हणाले, बोलू नकोस, नुसती बघ. आठ दिवस बघितलं, सगळे हसायचे. मग मला प्राप्तीची हळद आठवली. मी चपला घालून मांडवात शिरले होते आणि नवरीच्या पाटावर बसून चहा पीत होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फक्त बघितलंत. मी त्या दिवशी दुसरं कडवं विसरले, आई! नवव्या दिवशी कॅमेऱ्यापुढे मी ठमीबाई झाले, आणि कोणी हसलं नाही."

सगळ्या नाक्याने बॅनरकडे बघितलं, मग ठमीबाईकडे, मग परत बॅनरकडे. तीच भुवई, तीच हनुवटी. रामचंद्राचा हात वरच्या बटणाकडे गेला. ते आधीच लावलेलं होतं.

ठमीबाई बराच वेळ वर बघत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात ही नजर सगळ्यांनी बघितली होती, तिने मात्र कधीच नाही. आरशात ती टिकली लावायला बघायची, रागवायला नव्हे.

"मी अशी दिसतंय?" तिने हळूच विचारलं.

शेवटी जागृतीने धीर केला. "बॅनरवर जरा कमी आलंय, आई."

ठमीबाईने कोयता परेशच्या हातात दिला. "बाय, चपला घाल. पाय भाजतील," ती राहीला म्हणाली. आणि चार पावलं गेल्यावर, "पन मंग शिनेमाच्या पाटीवर माजं नाव कसं न्हाय?"

त्या संध्याकाळी राही अशी गायली, की मितेश कानांच्या मागेपर्यंत पिवळा झाला. ठमीबाईने तिला पाटाशेजारी खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं आणि समोर बसून सिनेमाचा निकाल सांगितला.

"काम झकास केलंस. शेवट तेवडा चुकला."

"का हो, आई?"

"एवडं बघितल्यावर नवऱ्याला मारायची काय गरज हुती?"

शेजारी रामचंद्र जेवत होता. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने सिनेमावर आपलं मत दिलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.