जाडी मधी, बारकी कडेला

फोटो काढायला वाइडनाना पुढं आला की माणूस आपोआप मागं सरकतो. मी स्वतः सरकलेय. कारण हा बाबा कॅमेरा डोळ्याला लावून सरळ अंगावरच येतो. आता लेन्स नाकाला लागते की काय असं वाटतं, आपण पाऊल मागं घेतो, आणि वर तोच आपल्यावर ओरडतो, "मागं काय जाता रे? लांबून काढायला तुमी काय बिबळ्या हाय?"

शहापूरच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. आणि भिंतीला भिंत लागून नानाचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत बाया आधी माझ्याकडं येतात, मग त्याच्याकडं जातात. आणि अल्बम बघून झाला की तणतणत परत माझ्याकडं येतात. नानाची गाऱ्हाणी ऐकायला मला कोणी बसवलंय देव जाणे! पण बोहनी झालेली असते, म्हणून ऐकून घेते.

खरं नाव शांताराम. पण मोटारसायकल विकून त्यानं मुंबईहून ती लेन्स आणली तेव्हापासून सगळं शहापूर त्याला वाइडनाना म्हणायला लागलं. ही नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा रिळाचे कॅमेरे होते. बाकीचे फोटोवाले साधी लेन्स लावायचे, फ्लॅश मारायचे, नवरानवरीला लाकडासारखं उभं करायचे, संपलं. नानाची लेन्स वेगळी. "चोवीसची हाय ताई, आणि एक पॉइंट चार!" असं तो मला एवढ्या कौतुकानं सांगायचा की जणू घरात बारसंच आहे. माझं आकड्यांचं ज्ञान ब्लाउजच्या मापापुरतं. मग तो समजावायचा. वाइड म्हणजे ती रुंद बघते, जवळून काढला तरी अख्खा मांडव एका फोटोत मावतो. आणि काच एवढी मोठी की काळोख्या घरात समईच्या उजेडावर फोटो येतो, फ्लॅश लागत नाही. ती लेन्स तो लहान बाळाच्या लोकरी टोपऱ्यात गुंडाळून ठेवायचा. मीच विणून दिलं होतं, काय करणार!

"थोबाड तर पासपोर्टला पण येतं," हे त्याचं आवडतं वाक्य. "लग्नाच्या फोटोत गोष्ट पायजे गो. नवरी रडते, ते सगळ्यांनाच दिसतं. ती रडताना कोण बघतंय, कोण बघत नाय, आणि कोण बुंदी खातंय, ते फोटोत आलं पायजे."

आणि यायचं! नवरी हार घालतेय, तिच्या मागं आचारी पंचानं घाम पुसतोय, एक पोरगं टेबलाखालून बुंदीच्या परातीत हात घालतंय, सासूबाई रुखवतातली भांडी उलटीपालटी करून बघतायत, आणि मांडवाच्या खांबाला एक कुत्रं निवांत पाठ घासतंय. मला तर ते फोटो जाम आवडायचे. पण गिऱ्हाईक म्हणायचं, "पैसे दिले नवरीचे, आणि आचारीच केवढा मोठा आलाय!"

मंगलाष्टकांत तर काय विचारूच नका. नाना अंतरपाटाच्या एवढा जवळ जायचा की अक्षता निम्म्या त्याच्याच डोक्यावर पडायच्या. वासिंदला एका लग्नात भटजींनी मंगलाष्टक मधेच थांबवलं आणि म्हणाले, "यजमान, नवरा ह्यांतला नक्की कोणता, ते एकदा ठरवा." मांडव हसून हसून बेजार. नानानं तेवढ्यात भटजींचाच फोटो काढला. तो त्या अल्बममधला सगळ्यात झकास फोटो.

आता त्या लेन्सची एक खोड आहे. अगदी जवळून मोठा घोळका काढला की मधली माणसं जशीच्या तशी येतात, पण कडेची आडवी ताणली जातात. बारीक माणूस कडेला असला तर बरा अंगानं भरलेला वाटतो. पण मुळातच जाडा असला तर मग संपलंच. एका नवऱ्याचा मामा, मोठा मानाचा माणूस, ग्रुप फोटोत ऐटीत कडेला उभा राहिला. फोटो धुऊन आला तर मामा भोपळा! अल्बम घेऊन तो स्टुडिओत आला. मी माझ्या दुकानातून सगळं ऐकत होते.

"हा कोण?" मामानं विचारलं.

"तुमीच की," नाना म्हणाला.

"माझी बायको विचारते, हे तिघं जण एकाच सदऱ्यात कशाला घुसलेत!"

त्या दिवसापासून नानानं नियमच करून टाकला. जाडी मधी, बारकी कडेला. मान नाही, पान नाही, वय नाही, नातं नाही. फक्त घेर. ग्रुप फोटो म्हटला की नाना हात पाठीमागं बांधून रांगेवरून एक नजर टाकायचा आणि बाजारात कोबी निवडावा तशी माणसं निवडायचा. "तू मधी. तू पण मधी. तू जा तिकडं खांबाशी." एका लग्नात त्यानं नवरीच्या बापालाच खांबाशी धाडलं. तो बिचारा चिडला, "अरे, मी नवरीचा बाप हाय!"

"असशील," नाना म्हणाला, "पण बारीक हायस."

लोक वैतागायचे, शिव्या घालायचे, पुढच्या लग्नाला दुसरा फोटोवाला ठरवतो म्हणायचे. मग दुसऱ्याचे फोटो घरी यायचे, सगळे चेहरे पांढरेफटक नि मागं नुसता काळोख, आणि तिसऱ्या लग्नाला मुकाट पुन्हा नानाच्या दारात. मी हसायचे. मला वाटायचं, माझा काय संबंध? मी आपली ब्लाउजपीस विकणारी.

पण संबंध आला. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात. मला दोन थोरले भाऊ, दामूदादा आणि काशीदादा. घरं शेजारी शेजारी, आणि दोघांत बोलणं बंद. कशावरून? तर बांधावरच्या फणसावरून. झाड कोणाचं ह्यावरून जे भांडले ते भांडले. पुढं एका वादळात तो फणस मुळासकट पडला, त्याचं सरपण दोन्ही घरच्या चुलीत जळलं, तरी ह्यांचं भांडण आपलं चालूच. दिवाळीला मी दोन्ही घरी वेगळी वेगळी जायचे, दोन्हीकडं पोटभर जेवायचे आणि रात्री ओवा खायचे.

दामूदादाच्या सुलीचं लग्न ठरलं. ती ब्लाउजपीस घ्यायला माझ्या दुकानात आली. मी म्हटलं, "सुले, आत्याकडून काय पायजे तुला? साडी सांग, भांडं सांग." पोरगी अस्तराचं कापड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आत्या, मला काय नको गो. माझे बाबा नि काका एका फोटोत पायजेत. सासरी न्यायला. लहान होते तेव्हा काकाच्याच खांद्यावर बसून जत्रेला जायचे मी."

आणि रडायला लागली. काशीदादा लग्नाला येणार होता, पण भावकीत बोभाटा नको म्हणून, तेवढ्यापुरता. फोटोला भावाशेजारी उभं राहणं? सोडाच! मी दोघांनाही विचारून बघितलं. दामूदादा म्हणाला, "तो असंल तर मी नाय." काशीदादा तर म्हशीला पाणी पाजायला निघून गेला.

मी शेजारी जाऊन नानाला सगळं सांगितलं. लग्नाचे फोटो त्याच्याकडंच होते. वाटलं होतं, दोन शब्द धीराचे बोलेल. त्यानं लेन्सची काच मलमलनं पुसत सगळं ऐकलं आणि विचारलं, "वजनं काय गो दोघांची?"

मी अशी भडकले! म्हटलं, "तुला काय बोकड घ्यायचेत?"

"सांग तर."

"आमच्या घरात बारीक कोण हाय? दोघं पण मस्त हायत."

"मग झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा काच पुसायला लागला.

लग्न लागलं, जेवणं झाली. काशीदादा मांडवाच्या टोकाला परक्यासारखा बसून होता. पाठवणीच्या आधी नवरी घरच्या देवापुढं नारळ ठेवते, तेव्हा कुळातलं सगळं माणूस माजघरात येतं. देवाचं काम, त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून काशीदादाही आत आला. आमचं माजघर म्हणजे मुंगीला वळायला जागा नाही. एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला भाताची कणगी, दारातून येईल तेवढाच उजेड. व्हिडिओवाला दारातूनच मागं फिरला. नाना मात्र कणगीला पाठ लावून उभा, कॅमेरा तयार. मी त्याची पिशवी धरून बाजूला.

"नारळ ठेवलात ना? आता कोणी हलायचं नाय. घरच्यांचा एक फोटो."

झालं! दामूदादा सटकन एका टोकाला गेला, काशीदादा दुसऱ्या टोकाला. मधे बायका, पोरं, सुली.

नानानं रांगेवरून नजर टाकली. "हे चालायचं नाय. कडेला जाडी माणसं नको. ओ दामूशेठ, मधी या."

"मी हितंच बरा हाय."

"तुमी बरे असाल. फोटो बरा नाय येणार. पोरीच्या सासरी भिंतीवर लागणार हा. लोक विचारतील, नवरीच्या बापाला सूज आल्ती काय?"

तिकडून काशीदादा फिस्सकन हसला. नाना त्याच्याकडं वळला. "तुमी काय हसता? तुमचा घेर त्यांच्याहून जास्त हाय. चला, तुमी पण मधी."

आता सगळं घर हसायला लागलं. हसण्यात माणसाला ताठ राहता येत नाही. शिवाय सासरच्या भिंतीवर भोपळा होऊन कोण लटकणार? दोघंही पुटपुटत मधे आले. आले, पण मधे हातभर जागा सोडून, एकाचं तोंड देव्हाऱ्याकडं, दुसऱ्याचं खुंटीकडं.

"जवळ या. अजून जवळ. अहो, माझ्या पाठीला कणगी लागली, मी काय भातात शिरू? तुमीच या जवळ. सुले, तू दोघांच्या पुढं बस खाली. हां. आता हात! हात असे लोंबतात कशाला? दामूशेठ, खांद्यावर ठेवा."

"कोणाच्या?"

"जवळ कोणाचा हाय त्याच्या."

दामूदादाचा हात उचलला गेला, वर थोडा घुटमळला, आणि काशीदादाच्या खांद्यावर टेकला. खटक्!

तो फोटो आज सुलीच्या सासरी आहे, दामूदादाच्या ओटीवर आहे आणि काशीदादाच्याही ओटीवर आहे. सुली पुढं बसलीय, रडतेय आणि हसतेय, आणि मागं दोन डोंगर खांद्याला खांदा लावून. पुढच्या सराईत मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत ज्या ज्या घरात भावाभावांचं वाकडं होतं, तिथून नानाला आमंत्रणं आली. सगळं खरं. पण मला जे आठवतं ते त्या फोटोच्या नंतरचं.

"अजून एक," नाना म्हणाला. टक्. "हलायचं नाय, अजून एक." टक्. भावांना तसंच उभं राहावं लागलं. दामूदादाला घाम फुटला होता. काशीदादानं मान न वळवता हळूच विचारलं, "गोळी घेतलीस का रे प्रेशरची?"

इतक्या वर्षांत पहिला शब्द!

"सकाळपासून टाइम कुठं गावला," दामूदादा म्हणाला.

"मरशील एक दिवस असाच."

"मर ना तू."

"अजून एक," नाना म्हणाला. टक्. तोवर काशीदादा बायकोला हाका मारायला लागला होता, "अगो, दादाची गोळी बघ कुठं हाय! नि पाणी आण!" आणि दामूदादाचा हात खांद्यावरच होता. कोणी सांगितलं नव्हतं तरी होता.

मी नानाच्या इतकी जवळ उभी होते की माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडं गेलं. प्रत्येक फोटोनंतर अंगठ्यानं रीळ पुढं ओढायचं असतं, शेजारी राहून मलाही ते माहीत झालं होतं. अंगठा हलत नव्हता. खटका अडकून बसला होता. रीळ संपलं होतं. आणि ते टक् टक् कॅमेऱ्यातून येतच नव्हतं. डोळा कॅमेऱ्याला लावून, ओठ मिटून, नाना जिभेनं टाळूवर आवाज काढत होता. "अजून एक." टक्. "छान. अजून एक." टक्.

शेवटी काशीदादाच दामूदादाच्या दंडाला धरून त्याला पडवीत वाऱ्याला घेऊन गेला, तेव्हा कुठं नानानं कॅमेरा खाली घेतला. बाहेर येऊन ओट्यावर टेकला. मी शेजारी जाऊन विचारलं, "नाना, रीळ कधी संपलं?"

"पहिल्याच फोटोला."

"मग सांगायचं नाय का? दुसरं भरलं असतं."

"भरेपर्यंत दोघं सुटले असते ना गो," तो म्हणाला. "पाणी दे जरा. जीभ पार सुकली."

मी तांब्या भरून आणला. तो घटाघटा प्यायला. आणि माझ्या माहेरच्या ओट्यावर, सगळ्या वऱ्हाडादेखत, मी वाकून त्या माणसाच्या पाया पडले.